कपाटातला राउटर

घरात वायफाय येणं म्हणजे अप्रूप होतं, तेव्हाची ही गोष्ट. कुमुदकाकूंनी नव्या राउटरला हळदकुंकू वाहिलं, लोखंडी कपाटाला वायरीपुरतं भोक पाडून तो आत ठेवला आणि कुलूप लावलं.

संध्याकाळी परदेशातली लेक व्हिडिओ कॉलवर पहिल्यांदाच बाळ दाखवणार होती. फोनवर नुसतं चक्र फिरत राहिलं.

"अरे देवा, नवाकोराच बिघडला!" काकू हादरल्या.

"मी बिघडलो?" राउटर थक्क झाला. "अहो, मी घसा फोडून ओरडतोय!"

"ओरड की," कपाट म्हणालं. "मी आतलं काही बाहेर जाऊ देत नाही, म्हणून तर काकूंचा माझ्यावर विश्वास."

राउटरवर छापलेला तक्रारीचा नंबर शोधायला काकूंनी कपाट उघडलं, आणि फोनवर बाळ खुदकन हसलं.

"अगंबाई, दिसलं!" काकू किंचाळल्या. "दृष्ट नको लागायला माझ्या राउटरला."

आणि त्यांनी कपाट घट्ट लावून घेतलं.