तिरडीवरून उठलेला माणूस

“ते समदं खरं, बाबा. पर मला माघारी का धाडलं? त्याचं उत्तर मिळाल्याबगार मी हितनं हलनार न्हाई.”

हैबतीनं मठाच्या ओट्यावर बैठक मारली ती मारलीच. गिरीबाबा फाटक्या घोंगडीला ठिगळ लावत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“काय दिसलं तिकडं?”

हैबतीचा चेहरा उजळला. हा प्रश्न त्याच्या आवडीचा.

आषाढात त्याला मण्यार डसली. अंग गार पडलं, गावानं तिरडी बांधली. निम्म्या वाटेत विसाव्याला तिरडी खाली ठेवली, आणि हा उठून बसला! खांदेकरी जे पळाले, ते थेट मारुतीच्या देवळात. एकाचं धोतर बाभळीलाच राहिलं.

मग गावानं ठरवून टाकलं : तिरडीवरून उठलेला माणूस घरचा नव्हे, देवाचा. हैबतीलाही ते पटलं. पटायला काय जातंय! देवळात मुक्काम, पायांवर डोकी, पुढ्यात नारळ. ज्याला कोणी तंबाखूची चिमूट देत नव्हतं, त्याला लोक आपल्या मेलेल्या माणसांची खुशाली विचारू लागले.

पण एकटा असला की त्याला एकच प्रश्न छळे. मरणाच्या दारातून आपल्याला फिरवलं, ते कशासाठी? हे कळलं नाही, तर आपलं जगणं फुकट. खरोखर कासावीस व्हायचा बिचारा.

“उजेड दिसला, बाबा. नदी दिसली. पल्याड माझा बा हुबा. म्हनला, माघारी जा, तुझं काम ऱ्हायलंय... कंचं काम, ते बोलला न्हाई. तुमी दीक्षा द्या. भगवं द्या. आसंल ते काम करीन. जीव गेला तरी बेहत्तर.”

“एकदा गेलाय की.”

हैबती ओशाळला. पण हलला नाही.

तेवढ्यात एक बाई पायऱ्या चढून वर आली. फडक्यात बांधलेली भाकरी तिनं सोडून हैबतीपुढं ठेवली आणि बाजूला बसली.

“ही कोण?”

“माझी मंडळी. सुंद्रा. मी आसंन तितं रोज भाकरी घेऊन येती. सांगून दमलो, माझा नाद सोड म्हनून. लई हट्टी.”

बाबांची सुई थांबली. सुंद्राचे दोन्ही हात ओकेबोके होते.

“बाई, हातात बांगड्या का नाहीत?”

“त्या दिशी फोडल्या, बाबा. तिरडी उचलायच्या आदी.”

“पुन्हा भरल्या नाहीस?”

“कासार दारात येऊन बसतुया. मीच माघारी लावती.” तिनं पदर सारखा केला. “धनी घरी आल्याबगार कशा भरू?”

हैबती उसळला. “आगं, मी हाय की हितं! दिसत न्हाई व्हय तुला?”

सुंद्रानं त्याच्याकडं पाहिलं. नीट, बराच वेळ. लग्न झाल्यापासून इतकं कधी पाहिलं नसेल.

“त्वांड त्येंचंच हाय, बाबा,” ती म्हणाली. “म्हनून तर भाकरी आनती. पर आमचं धनी गेलं, ते आजून आलं न्हाईत. येतील तवा भरीन. कितीबी दिस लागूंद्यात.”

तिच्या आवाजात रड नव्हती, रागही नव्हता. ती उठली, फडकं झटकलं आणि पायऱ्या उतरू लागली.

हैबती भाकरीकडं बघत राहिला. मण्यार डसली तेव्हासुद्धा तो इतका घाबरला नव्हता.

“बाबा... मग मी माघारी आलो, ते...”

बाबांनी दोरा दातानं तोडला.

“कशासाठी, ते मागनं बघू. आधी ये तर खरा.”