एक लाख एकचा सत्कार

आकड्यांच्या गावात फार पूर्वी एक लाख एक नावाचा बडा आकडा राहायचा. "मी अविभाज्य आहे, मला कोणी भागू शकत नाही," असं तो येताजाता सांगायचा. अविभाज्य आकड्याला शाल आणि नारळ द्यायची गावाची रीत होती. त्याआधी लहान अविभाज्यांनी त्याला भागून पाहायचं, एवढंच.

सत्काराच्या दिवशी दोन, तीन, पाच आणि सात यांनी भागून पाहिलं. दर वेळी बाकी उरली. अध्यक्ष शंभर घाईने म्हणाले, "एवढ्या मोठ्या असामीची आणखी किती परीक्षा घ्यायची? नारळ आणा."

"माझी पाळी राहिली," मागच्या रांगेतून अकरा म्हणाला.

एक लाख एक हसला. "अरे, तुझ्यासारखे हजारो माझ्यात मावतात."

अकराने शांतपणे भागून पाहिलं. "बरोबर नऊ हजार एक्याण्णव मावतात," तो म्हणाला. "बाकी काही उरत नाही."

शंभरांनी घसा खाकरला. "बघा, काय मोठं मन. अकरा जणांत स्वतःला समान वाटून टाकलं आणि स्वतःसाठी काही ठेवलं नाही."

टाळ्या पडल्या. शाल घातली गेली.

पुढच्या सत्काराचं आमंत्रण सगळ्या गावाला गेलं. अकराचं तेवढं टपालात गहाळ झालं.