जड पाण्याची विहीर

एकदा एका शिष्याने चक्क तुरीच्या डाळीपुढे हात टेकले. मठाच्या विहिरीचे पाणी इतके जड, की तीन तास उकळूनही दाणे टणकच. गेल्या भंडाऱ्याला तर गावकरी भर पंक्तीत म्हणाले, "महाराज, वरण वाढताय की खडे?" मुदपाकखाना त्याच्याकडे, त्याची मान शरमेने खाली गेली. यंदा डाळ शिजली नाही तर पळी कायमची खाली ठेवीन, अशी त्याने शपथच घेतली.

श्रावणात एक व्यापारी यंत्र घेऊन आला. त्यात मीठ भरायचे, की पाणी मऊ. "महिनाभर वापरून तर पाहा," तो म्हणाला. आणि खरोखरच डाळ लोण्यासारखी शिजली! शिष्य हरखून गेला. ते यंत्र दर दोन दिवसांनी स्वतःला धुऊन खारे पाणी बाहेर टाकी. मोरीचे पाणी परसातल्या केळी-अळूला सोडायची मठाची रीत. त्याने हेही तिकडेच वळवले.

पंधरा दिवसांनी जेवायला बसताना वृद्ध गुरूंनी तांब्या पुढे केला. "त्या यंत्राचं सांडपाणी भरून आण. आज तेच पिईन."

शिष्य दचकला. "भलतंच काय, गुरुजी! ते घशाखाली उतरायचं नाही."

"मग केळीला बरं पाजतोस? ती तोंडावर थुंकत नाही म्हणून?"

शिष्य परसात धावला. केळीच्या पानांच्या कडा करपल्या होत्या, अळूने माना टाकल्या होत्या. त्याला रडू कोसळले.

गुरू मागोमाग आले. "डाळीला रोज पाणी किती लागतं?"

"दोन घागरी."

"आणि मऊ करतोस अख्खी विहीर! अरे, आपली अडचण शेजाऱ्याच्या ताटात सरकवली म्हणून ती सुटत नाही. पावसाचं पाणी मुळातच मऊ. ते आपल्या कौलांवरून फुकट वाहून जातंय, ते मठामागच्या हौदात साठव. हौद आटलाच, तर विहिरीचं पाणी खळखळून उकळ, निवळू दे, वरचं घे. कपड्यांना रिठे आहेत. भांड्यांवर पांढरा थर धरला तर लिंबू चोळ. बाकी विहिरीला तिच्या स्वभावानं राहू दे."

शिष्याने हौदाचा बेत सांगून यंत्र परत केले. "बघू भंडाऱ्याला!" व्यापारी हसला. शिष्याने तो रिकामा हौद घासला, कौले धुऊन निघाल्यावरचे पाणी गाळून त्यात भरले आणि वर झाकण घातले.

मार्गशीर्षात भंडाऱ्याला पाचशे पाने उठली. पळी फिरवताच डाळ एकजीव! पंक्तीतून एकच गजर, "वरण आणा, वरण!" गेल्या वर्षी हसलेलेच आता बोटे चाटत होते. तो व्यापारीही तिसऱ्यांदा वाटी पुढे करून हळूच म्हणाला, "महाराज, हौदात पाणी मावतं तरी किती?"

शिष्याची छाती आनंदाने फुलली. जिभेवर आलेला टोमणा मात्र त्याने गिळला आणि वाटी काठोकाठ भरली. "जेवा पोटभर. मग चला, दाखवतो."

आपल्या घरचे पाणी मऊ करण्याआधी, ते घराबाहेर कुठे जाते हे एकदा चालत जाऊन पाहावे.