शेवटच्या घरची मूठ

“म्हणजे डोंगरावर कुणाकडेच बी उरलं नाही?” लहानूबाबांनी विचारलं.

“नाही, बाबा.”

“सगळ्या वाड्या फिरलास?”

“सगळ्या.”

मठाच्या ओट्यावर बसून बाबा समोरच्या उताराकडे बघत राहिले. तिथे पालापाचोळा भाजून, त्या राखेत लोकांनी नाचणीचं बी टाकलं होतं. रोपंही चांगली उगवली होती. आता राख होती आणि राखेत वाळलेल्या काड्या होत्या.

देवराम खाली बघत उभा राहिला. बसायला कुणी सांगितलं नव्हतं आणि आपणहून बसायचा धीर होत नव्हता. हे सगळं त्याच्यामुळेच झालं होतं, आणि तसं त्याला तोंडावर कुणीही म्हटलं नव्हतं. त्याचाच त्याला जास्त त्रास होत होता.

देवराम याच डोंगरावरचा. पोरवयात मठात आला आणि बाबांच्या हाताखाली वाढला. पोरगा हुशार, वाणी गोड. तो बोलायला लागला की वाड्यांवरची म्हातारीकोतारी माना डोलवायची. डोलणाऱ्या माना बघून बघून कुणाचंही होतं तेच त्याचं झालं. बाबा कमी बोलतात म्हणजे त्यांना आता फारसं सुचत नसावं, असं त्याला अलीकडे मनातून वाटू लागलं होतं.

या डोंगरावर नाचणीची लावणी, म्हणजे राखेतली रोपं उपटून शेतात लावणं, सावडीनं व्हायची. आज सगळ्यांनी मिळून एकाचं शेत लावायचं, उद्या दुसऱ्याचं. कुणाची पाळी कधी, हे आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी मठात ठरायचं आणि दरवर्षी त्यावरून भांडणं व्हायची. कारण शेवटची पाळी कुणालाच नको असायची. ज्याची लावणी शेवटी, त्यानं बीसुद्धा शेवटी टाकायचं. तोवर बी घरात राखून बसायचं, आणि घरातलं खायचं धान्य तर संपत आलेलं असायचं.

म्हणून एक रीत होती. ज्या घराची लावणी उरकेल, त्या घरानं त्याच संध्याकाळी शेवटच्या घरी मूठभर पीठ पोचतं करायचं. असं का, हे कुणी विचारत नसे. आजा करत होता, बाप करत होता, म्हणून करायचं.

गेली काही वर्षं ठकाबाई बांबळे नावाची एकटी विधवा म्हातारी शेवटची पाळी आपणहून मागून घ्यायची, तेवढीच भांडणं मिटत.

पाऊस मात्र पूर्वीचा राहिला नव्हता. कधी वैशाखातच कोसळायचा आणि मग महिनाभर तोंड दाखवायचा नाही. हवा बदलली, हे डोंगरावर शेंबड्या पोरालाही कळत होतं. काय करायचं, ते कुणालाच कळत नव्हतं. बाजारचं बी मागे दोघांनी आणून बघितलं, तर इथल्या धुक्यात कणसं काळी पडली.

यंदा आखाजीला देवराम उभा राहिला. पाऊस आता पाळी बघून येत नाही, असं त्यानं सांगितलं. तो सापडेल त्या दिवशी सगळ्यांनी एकदम बी टाकायचं, आपापली लावणी आपापल्या घरानं उरकायची. कुणी पहिला नाही, कुणी शेवटचा नाही. आणि ती मूठही बंद करायची.

“ती भीक आहे,” तो म्हणाला होता. “देवाच्या दारात कुणी भिकारी नसतो.”

लोकांना पटलं. पटण्यासारखंच होतं. तरण्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. जुन्या माणसांनी बाबांकडे बघितलं, पण बाबांची मान खाली होती.

मग पाऊस आला, तोही ढगफुटीसारखा. आता मुक्कामच ठोकणार असं फोनवरच्या अंदाजातही होतं. देवराम वाडीवाडीवर पळाला आणि एका दिवसात अख्ख्या डोंगरानं होतं नव्हतं ते बी राखेत टाकलं. एकट्या ठकाबाईनं टाकलं नाही. माझी पाळी शेवटची असती, सगळ्यांचं उरकलं की टाकीन, असं म्हणत ती दारात बसून राहिली. देवरामानं तिला चार माणसांसमोर आडमुठी म्हटलं.

त्यानंतर पाऊस जो गेला तो गेलाच. मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरडी गेली. सगळी रोपं एकाच वयाची होती, ती एकदमच करपली.

आज पश्चिमेला पुन्हा ढग दाटले होते, वारा ओला झाला होता. टाकायला बी नव्हतं.

“ठकाबाईकडे गेलास?” बाबांनी विचारलं.

देवराम सगळ्या वाड्या फिरला होता, पण ते एक घर त्यानं टाळलं होतं. कुठल्या तोंडानं जायचं?

“नाही गेलो.”

“जा.”

तो पळतच निघाला. वाटेत त्याचा जीव हळूहळू थाऱ्यावर आला. म्हातारीनं बी टाकलं नव्हतं, म्हणजे ते तिच्याकडे असणारच. नाचणीचा दाणा बारीक. भोपळाभर बी घरोघर वाटलं तरी प्रत्येकाचा एखादा वाफा होईल. डोंगर तगेल. तो तिच्या पाया पडेल, सगळ्यांसमोर पडेल. पायवाट उतरेपर्यंत, काय बोलायचं हेही त्यानं मनात जुळवून ठेवलं. सवय जात नाही.

ठकाबाई चुलीपुढे बसली होती. चुलीवर रानातला पाला शिजत होता, आणि त्यात दुसरं काही नव्हतं. आखाजीला पाहिलेली बाई ती हीच, हे ओळखायला देवरामाला क्षणभर लागलं. गालफडं बसली होती, मनगटातलं कडं कोपरापर्यंत सरकत होतं.

“या, बुवा,” ती म्हणाली आणि भिंतीला धरून उठली.

त्यानं पाया पडायला वाकून बी मागितलं. जुळवलेलं सगळं विसरला, नुसतं मागितलं.

तिनं आढ्याला टांगलेला भोपळा काढला. वाळवून पोखरलेला, बी ठेवायचा भोपळा. तोंडावरचं शेणमातीचं लिंपण फुटलेलं होतं. तिनं तो त्याच्या हातात दिला. त्याला काहीच वजन नव्हतं.

“बी खाल्लं, बुवा,” ती म्हणाली. “राखवलं तोवर राखलं. पाला खाऊन राखलं. मंग आंबील करून प्याले.”

देवराम भोपळ्याच्या तोंडातून आत बघत राहिला.

“दर साली मूठ यायची. तिच्यावर दिस निघायचे. यंदा कुणाची आली नाय…” ती थांबली. मग तिनं त्याच्यापुढे हात जोडले. “बी खाणं म्हंजे पाप हाये. बाबांला सांगा, म्हातारीच्यानं ऱ्हावलं नाय.”

तो परत कसा चढला, ते त्याला आठवत नव्हतं. मठाशी आला तेव्हा ढग अगदी खाली उतरले होते. त्यानं रिकामा भोपळा बाबांपुढे ठेवला, तिचा निरोप सांगितला आणि ओट्याखाली मातीतच बसला.

बाबांनी भोपळा कानाशी नेऊन हलवला. आत काही वाजलं नाही.

“आखाजीला तुम्ही का बोलला नाहीत?” देवरामानं विचारलं. आवाजात राग होता, आणि तो कुणावर होता ते त्याचं त्यालाच माहीत नव्हतं.

“मला वाटलं, तुझं बरोबर असेल,” बाबा म्हणाले.

बाबा उठून गाभाऱ्याशी गेले. देवाच्या चौकटीवर गेल्या कापणीच्या कणसांचा घोस बांधलेला होता. निम्मा चिमण्यांनी खाल्लेला, उरलेला धुरानं काळा झालेला. त्यांनी तो ओढून काढला.

“बाबा, ते देवाचं आहे,” देवराम म्हणाला.

बाबांनी कणसं तळहातावर चोळली, फुंकर मारून कोंडा उडवला. मूठभर दाणे निघाले. ते त्यांनी भोपळ्यात ओतले आणि भोपळा देवरामाच्या मांडीवर ठेवला.

“पेर. पण आज नको. हा पाऊस टिकतो की जातो, ते आधी बघ.”

“एवढ्यानं डोंगर जगणार नाही.”

“नाही जगणार. लोक खाली जातील. वीटभट्ट्यांवर जातील, कांदे काढायला जातील. काही तिकडेच राहतील.” बाबांनी हात झटकले. “जे परत येतील, त्यांना बी लागेल.”

मग मठातल्या पिठाचा डबा आणून त्यांनी त्याच्यापुढे ठेवला आणि तो आजच ठकाबाईकडे पोचता करायला सांगितलं. देवरामानं डब्यात बघितलं. सगळंच पीठ होतं ते, मठात मागे काही उरलं नव्हतं.

“आणि आपण?”

“मी म्हातारा आहे, माझं भागेल. यंदा शेवटचं घर तुझं.”

देवरामानं भोपळा दोन्ही हातांनी धरला. पाऊस टिकतो की जातो हे बघत किती दिवस बसावं लागेल, याचा अंदाज त्याला आला. भोपळ्यातले ते मूठभर दाणे आतापासूनच त्याला दिसायला लागले होते.

“भूक लागली तर?” त्यानं हळूच विचारलं.

“लागेल. लागली की वाड्यांवर जा. दारात उभा राहा आणि मूठ माग.”

“त्यांच्याकडे आहे काय द्यायला? आणि कुठल्या तोंडानं मागू, बाबा? मीच तर बंद केली. काय सांगू त्यांना?”

पहिले थेंब राखेवर पडायला लागले होते. बाबा दाराकडे वळले.

“सांग, ही भीक नाही.”