भिंतीकडचा पाट

"सहाचा संच घ्यावा, की बाराचा?"

शिदूबुवा शेवग्याच्या शेंगा मोडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"घरात माणसं किती?"

"दोन."

"सहा पुरे."

टेंबे साहेबांनी वहीत सहाचा आकडा लिहिला आणि त्याखाली पट्टीने ओढावी तशी सरळ रेघ ओढली.

पद्माकर टेंबे सरकारी बांधकाम खात्यातून साहेब म्हणून निवृत्त झाले होते. निवृत्त माणसाला काहीतरी लागतेच. कुणाला गुडघे लागतात, कुणाला अध्यात्म. टेंब्यांना ताटे लागली. नव्या घरात सहाजणांचे जेवणाचे टेबल आले होते आणि त्या टेबलाला शोभेल असा पहिलावहिला संच जमवायचा, हे त्यांनी मनावर घेतले होते. दोन महिने ते फोनवर परक्या लोकांची मांडलेली टेबले पाहत होते. जेवण कुठेच दिसत नसे, पण मांडणी अप्रतिम असे.

शिदूबुवांकडे त्यांना कुमुदताईंनी आणले होते. नदीकाठच्या त्या लहानशा मठात बुवा चाळीस वर्षे पंगती सांभाळत होते. लोक त्यांना गुरू मानत. ते स्वतः फक्त भाजी निवडत. दुकानदारापेक्षा यांना विचारा, असे कुमुदताई म्हणाल्या होत्या; आणि बायकोचा सल्ला टेंब्यांनी ऐकला, ही त्या आठवड्यातली दुसरी नवलाची गोष्ट होती.

पहिली अशी, की रविवारी मुलगी जेवायला येणार होती. नवऱ्याला घेऊन.

ऋजुताने चार वर्षांपूर्वी कचेरीत जाऊन लग्न केले होते. मुलगा चांगला होता, शिकलेला होता, मिरजेत त्याचे औषधांचे दुकान होते. एवढे सगळे टेंबे मान्य करत. पण त्याचे वडील लग्नाकार्यात वाढपी होते. कमरेला पंचा बांधून, हातात आमटीची बादली घेऊन त्यांनी मुलाला शिकवले होते. टेंब्यांना नेमकी ती बादली गिळता येत नव्हती. चार वर्षे त्यांनी जावयाला उंबरा ओलांडू दिला नव्हता. आता कुमुदताईंनी काय केले कोण जाणे, पण ते हो म्हणाले होते.

हो म्हणाले आणि ताटांच्या मागे लागले.

त्यांनी बुवांना एकेक प्रश्न विचारला. बुवांनी शेंगा मोडता मोडता उत्तरे दिली. ताट पांढरे घ्या, नक्षी नको; नक्षीवर भाजी ओळखू येत नाही. काठ थोडा उभा असू द्या, नाहीतर रस्सा मांडीवर येतो. वाटी बुडाला रुंद हवी. पेला ओल्या हाताने धरून बघा आणि मगच घ्या. आणि जे फुटल्यावर तसेच एक परत मिळेल, तेच आणा.

टेंबे लिहून घेत होते. उत्तरे फारच सोपी होती, त्यामुळे ते थोडे नाराजही होते.

"बुवा, मला साधं नकोय. मांडणी अशी हवी की समोरच्यानं बघत राहावं."

"समोरचा कोण?"

"…जावई."

"का बघत राहावं?"

टेंब्यांनी टोपण लावून पेन खिशात ठेवले.

"त्याला कळू दे, ताट मांडणं कशाला म्हणतात ते. बादल्या घेऊन धावणं वेगळं."

कुमुदताई खिडकीतून नदीकडे पाहू लागल्या. नदीत पाहण्यासारखे काही नव्हते.

बुवांनी शेंगा बाजूला सारल्या. ते उठले, आत गेले आणि केळीचे एक पान घेऊन आले. पंगतीच्या ओवरीत ते पान त्यांनी जमिनीवर अंथरले. मागोमाग मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, भाजी, भात, वरण, तूप असे सगळे आणून ठेवले.

"मांडा," ते म्हणाले.

टेंब्यांचा चेहरा उजळला. गेले दोन महिने ते याचीच वाट पाहत होते.

त्यांनी बाह्या सारख्या केल्या. पानासमोर उभे राहून एकदा अंदाज घेतला, मग वाकले. आधी मीठ, चिमूटभर, वरच्या कडेला मधोमध. शेजारी लिंबाची फोड. डावीकडे चटणी, तिच्याखाली कोशिंबीर, दोहोंत दोन बोटांचे अंतर. उजवीकडे भाजी. खाली भाताची मूद, तिच्यावर वरण, वरणावर तूप. कोशिंबीर ओघळली तेव्हा त्यांनी ती चमच्याच्या दांडीने परत रांगेत आणली. खात्यात असताना त्यांनी इतक्या मनापासून एकही पूल बांधला नव्हता.

मग दोन पावले मागे सरून त्यांनी फोनवर फोटो काढला.

कुमुदताईंनी पानाकडे पाहिले आणि पुन्हा नदीकडे तोंड फिरवले. त्यांचे खांदे किंचित हलत होते.

"सुंदर," बुवा म्हणाले. "बसा जेवायला."

टेंबे होते तिथेच खाली बसू लागले.

"तिथं नाही. ती वाढप्याची वाट आहे. पाट भिंतीकडं आहे."

पाट खरेच भिंतीकडे होता. पानाच्या पलीकडे. तो सकाळपासून तिथेच असावा.

टेंबे वळसा घालून गेले आणि पाटावर बसले.

मीठ त्यांच्या मांडीपाशी आले होते. भात पार पलीकडच्या कडेला होता. चटणी उजवीकडे, भाजी डावीकडे. पानाचे टोक तेवढे बरोबर डावीकडे होते; ते बुवांनी अंथरले होते.

साठ वर्षे हा माणूस पंगतींत जेवला होता. वाढायला मात्र कधी उभा राहिला नव्हता.

"उलटं झालं," टेंबे म्हणाले.

त्यांनी फोन काढून फोटो पाहिला.

"फोटोत बरोबर दिसतंय."

"फोटो जेवणार असेल तर राहू द्या."

टेंब्यांनी पान फिरवायला हात घातला. बुवांनी आपला तळवा पानाच्या कडेवर ठेवला.

"वाढलेलं पान आम्ही फिरवत नाही."

"मग?"

"जेवा."

टेंबे जेवू लागले. भाताला हात पोचवायला मिठावरून आणि लिंबावरून जावे लागत होते. भाजीसाठी उजवा हात डावीकडे आडवा न्यावा लागत होता. तिसऱ्या घासाला सदऱ्याची बाही वरणात बुडाली. त्यांनी ती पुसली नाही. पुसायला दुसरा हात रिकामा होता, पण बहुधा लक्ष तिकडे नव्हते.

…



"तुमच्या वाढप्यांची चूक होत नाही?" टेंब्यांनी विचारले. "तेही समोरच उभे राहतात."

"नव्यांची होते."

"मग ते शिकतात कसे?"

बुवांनी सांगितले, की इथे नवा वाढपी सगळ्यांच्या शेवटी जेवतो. पंगतीतले शेवटचे पान त्यानेच मांडायचे आणि वळसा घालून त्याच पानावर बसायचे. एवढेच. कुणी काही सांगत नाही. बहुतेकांना दोन दिवस पुरतात. एका शास्त्रीबुवांच्या चिरंजीवांना तीन आठवडे लागले होते.

टेंब्यांनी भाताचा घास उचलला आणि परत ठेवला.

"जावयाच्या वडिलांनी हजारो पानं मांडली असतील."

"असतील."

"आणि मी त्याला रविवारी…"

त्यांनी वाक्य पुरे केले नाही. वरणाने भिजलेल्या बाहीकडे पाहिले. मग आवाज उतरवून म्हणाले, "त्यानं दारातूनच ओळखलं असतं, बुवा. टेबल त्याच्यासाठी नाही, त्याच्यावर रोखून मांडलंय. ऋजुता दुसऱ्या घासाला उठली असती. मग परत आली नसती."

"नसती," बुवा म्हणाले.

असे काही ऐकल्यावर समोरच्याने थोडा धीर द्यावा, अशी टेंब्यांची अपेक्षा असावी. बुवा ताकाचे भांडे हलवून पाहत होते.

"मग मी काय करू? सांगा. येऊ नका म्हणू?"

"त्यांच्या घरचं पान कसं मांडतात?"

"कुणाच्या?"

"व्याह्यांच्या."

"मला काय ठाऊक? मी कधी गेलो नाही."

"का?"

"बोलावल्याशिवाय कसं जाणार?" टेंब्यांचा जुना आवाज परत आला. "आमच्यात तसं नाही चालत. त्यांनी कधी बोलावलं नाही."

खिडकीपाशी कुमुदताई वळल्या.

"तीनदा बोलावलं," त्या म्हणाल्या.

टेंबे त्यांच्याकडे पाहत राहिले.

कुमुदताई आता थांबल्या नाहीत. आवाज मात्र चढवला नाही. पहिल्या दिवाळीला व्याही स्वतः आले होते, पेढे घेऊन. तुम्ही आतल्या खोलीत झोपेचे सोंग घेतलेत. मग त्यांच्या घराच्या वास्तुशांतीचे आमंत्रण. ते तुम्ही न फोडता रद्दीत टाकलेत. तिसरे बारशाचे. त्या दिवशी तुमचे पोट बिघडले होते, संध्याकाळपर्यंत.

"बारशाला मी गेले होते," त्या म्हणाल्या. "देवळात जाते म्हणून सांगितलं होतं तुम्हाला. त्यांनी तुमचंही पान मांडलं होतं. माझ्या शेजारी. पंगत उठेपर्यंत तसंच ठेवलं."

…

"कसं होतं?" टेंब्यांनी विचारले.

"काय?"

"पान."

कुमुदताईंनी जरा आठवले. "सुलट," त्या म्हणाल्या.

टेंबे खाली पाहू लागले. त्यांचे पान अर्ध्याहून जास्त भरलेले होते. नातू आता दीड वर्षाचा झाला असणार, असे काहीसे ते पुटपुटले. कुमुदताईंनी एक वर्ष आठ महिने, असे दुरुस्त केले.

"आता कुणी बोलावणार नाही," टेंबे म्हणाले. "चौथ्यांदा कोण बोलावतं?"

"मिरज वाटेतच आहे," कुमुदताई कुणालाही न सांगितल्यासारख्या म्हणाल्या. "ते सगळे एकत्र दोनला जेवतात. दुकान बंद करून."

ओवरीतल्या घड्याळात सव्वा वाजला होता.

बुवा दुसऱ्यांदा भात वाढायला वाकलेले होते. डाव पानावर आला होता, भात डावात होता. ते तसेच थांबले. मग भात परत पातेल्यात घातला आणि पातेल्यावर झाकण ठेवले.

"मग इथं पोटभर जेवू नका," ते म्हणाले.