सुळ्याची जुनी जागा

दातांच्या मानाने फार जुनी गोष्ट. रेणूच्या तोंडात एक सुळा होता, रांग सोडून वर हिरडीत एकटाच वाढलेला. ओठ मिटले तरी त्याला बाहेरचं ऊन दिसायचं. डॉक्टरांनी दोन वर्षं तार लावून त्याला ओढत रांगेत आणलं. तार निघाली तेव्हा त्याला वाटलं, चला, आता घरी जायचं! पण लगेच काढता-घालता येणारा रिटेनर आला आणि त्याला जागच्या जागी धरून बसला.

सुट्टीत रेणू मामाकडे गेली आणि रिटेनर घरीच विसरली. सुळा रोज थोडा थोडा वर सरकू लागला.

"आई गं!" शेजारचा छोटा दात कळवळला. "दादा, तुझ्या धक्क्याने मी वाकडा होतोय."

"जाऊ दे रे मला. तिथे माझं घर आहे."

मागून सगळ्यांत थोरली दाढ म्हणाली, "बाळा, तू निघालास आणि तिथे हाड भरून आलं. ती जागा आता उरलीच नाही."

रेणूने परत आल्यावर रिटेनर चढवला, तेव्हा सुळ्याला फार दुखलं. तरी या वेळी त्याने अंग आखडून धरलं नाही.

"आता लागतंय का रे?" त्याने छोट्याला विचारलं.

"नाही, दादा," म्हणत छोटा त्याला टेकून उभा राहिला.

वर बघायची सुळ्याची सवय मात्र कधीच गेली नाही.