ठकूला दिसायची ती देवी

डोंगराच्या पायथ्याशी एका गावात ठकू नावाची एक कुंभारीण राहायची. आई तिच्या लहानपणीच गेलेली, पुढे नवराही गेला. उरली होती एक तान्ही लेक.

कधीमधी चाक फिरवताना ठकूच्या डोळ्यांपुढे एकाएकी उजेड पसरायचा. केवड्याचा वास यायचा. त्या उजेडातून देवी यायची आणि तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणायची, "दमलीस ना गं पोरी?"

मग ठकू धाडकन कोसळायची, हातपाय झटकायची. शुद्धीवर आली की रडायची. पडून लागलं म्हणून नव्हे, देवी निघून गेली म्हणून.

ही गोष्ट गावभर झाली. देवळातला पुजारी म्हणाला, "ठकूला साक्षात दर्शन होतं!" बायका तिला देवी मानून तिची ओटी भरू लागल्या, लांबलांबचे लोक पाया पडू लागले.

एकदा गावात एक वैद्य राहायला आला. ठकूला पडताना पाहून तो म्हणाला, "अहो, हे फेफरं आहे. झटका यायच्या आधी मेंदूत गडबड होते, म्हणून उजेड दिसतो, वास येतो. माझ्याकडच्या एका सुताराला अशाच घंटा ऐकू यायच्या."

पुजारी चिडला. "मग हिला देवीच का दिसते?"

"ज्याच्या मनात जे असतं, त्याला ते दिसतं."

"आणि ते मनात कुणी घातलं?"

पारावर वाद रंगला तो दिवस मावळेपर्यंत. कुणीच हटेना.

पुढे एके सकाळी ठकू लेकीला कडेवर घेऊन नदीवर गेली. पाण्यात पाय टाकला आणि उजेड पसरला. डोळे उघडले तेव्हा ती काठावर होती. एका परटिणीने दोघींना ओढून काढलं होतं. लेक निळी पडली होती. बऱ्याच वेळाने ती रडली, तेव्हा ठकूच्या जिवात जीव आला.

ओल्या लुगड्यानिशीच ती वैद्याकडे गेली. "औषध घेतलं तर मी पडायची थांबेन?"

"थांबशील."

"आणि ती? ती येईल?"

वैद्याने खरं ते सांगितलं. "नाही येणार, बाई."

ठकूने डोळे मिटले. मग हात पुढे केला. "द्या."

पुजारी धावत आला. "ठकू, देवीला असं घालवू नकोस. कोप होईल!"

ठकू म्हणाली, "बुवा, लेकीला जपायचं म्हणून मी दार लावून घेतलं, तर देवीला कळेल. आईच आहे ती."

पुजारी आल्या पावली परत गेला.

औषध लागू पडलं. ठकू पडायची थांबली. गर्दी ओसरली, ओट्या थांबल्या. त्याचं तिला काही वाटलं नाही. पण चाकावर बसली की तिचे हात मधेच थांबत. ती मान वर करून बघत राही. समोर नुसतं अंगण असे.

काही महिन्यांनी वैद्य विचारपूस करायला आला. लेक अंगणात दुडदुडत होती.

"आता बरं आहे ना?"

"बरं आहे. हिला घेऊन बिनघोर नदीला जाते. तुमचे उपकार आहेत." मग ती हळूच म्हणाली, "पण वैद्यबुवा, आठवण फार येते हो. बाजारात केवडा दिसला तरी पाय अडखळतो. यावर काही औषध आहे?"

पारावर प्रत्येकाला उत्तर देणाऱ्या वैद्याने खांद्यावरची पिशवी उतरवली. तो ओट्यावर बसला. पिशवी बाजूला ठेवून त्याने विचारलं, "कशी होती गं ती?"

हे ठकूला आजवर कुणीच विचारलं नव्हतं. तिने मातीचे हात पदराला पुसले आणि ती सांगू लागली. सांगता सांगता रडली, हसलीही. वैद्य उठायचं विसरून ऐकत राहिला.

तात्पर्य काय, तर आजार ओळखून औषध जरूर द्यावं; पण आजाराबरोबर माणसाचं जे हरवतं, त्याच्या ओढीला खोटं म्हणू नये.